पावसाळ्यात चिखलातून एमटीबी (माउंटन बाइक) चालवायची तर आधी माती ओळखा

जून आला की दोन प्रकारची माणसं दिसतात, एक जी सायकल गॅलरीत प्लास्टिकखाली झाकून थेट ऑक्टोबरात काढतात आणि दुसरी जी पहिल्याच पावसात ताम्हिणीकडे पळतात आणि संध्याकाळी मोडलेला डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) खिशात घालून टेम्पोतून परत येतात. दोघांचीही अडचण एकच, चिखल म्हणजे सगळा एकच असं त्यांनी धरलेलं असतं. यूट्यूबवर बघितलेलं बाहेरच्या देशातल्या जंगलातलं टेक्निक इथे काही ठिकाणी लागू पडतं आणि काही ठिकाणी अजिबात नाही, कारण आपल्याकडे पन्नास किलोमीटरवर माती बदलते. म्हणून टायर, गिअर, ब्रेक वगैरे नंतर, आधी खाली काय आहे ते बघायचं.

मुरूम असेल तर बिनधास्त जा. पुरंदर, भोर, वेल्हे या बाजूच्या डोंगरांवर बेसॉल्ट झिजून झालेला हा भुरभुरीत खडीसारखा थर असतो, पाणी पटकन झिरपून जातं, आणि पाऊस थांबून तासदोन तास झाले की कोरड्यापेक्षाही चांगली ग्रिप मिळते, कारण उन्हाळ्यात जी सुटी खडी चाकाखालून निसटते ती ओली झाल्यावर बसते. नवीन माणसाने पावसाळी राइडची सुरुवात इथूनच करावी.

तांबडी माती आणि जांभा, म्हणजे कोकण, गोवा, वर महाबळेश्वर-पाचगणी. ही माती चिकटते पण सोडते, टायर फिरला की उडून जाते. धोका मातीचा नाही, सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) उघड्या कातळाचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्या काळपट जांभ्यावर शेवाळाचा पातळ थर येतो आणि लांबून तो फक्त ओला दगड वाटतो, ग्रिप शून्य असते. खडबडीत, भोकंभोकं दिसणारा जांभा चालतो, गुळगुळीत काळा-हिरवा दिसला की ब्रेकवरची बोटं काढायची, हँडल सरळ धरायचं आणि पॅडल न मारता वाहत जायचं, किंवा सरळ उतरायचं.

आणि मग काळी माती. सोलापूर, लातूर, परभणी, सगळा विदर्भाचा कापूसपट्टा, आणि पुण्याच्या पूर्वेला दौंड-बारामतीकडे नदीकाठची रानं. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि हाताला लागली तरी सुटत नाही. टायरवर पहिला थर बसतो, त्या थराला पुढचा थर चिकटतो, वीस-तीस फुटांत चाक आणि फ्रेम यांच्यामधली जागा कणकेच्या गोळ्याने भरून जाते आणि चाक फिरायचंच बंद होतं. इथे कुठलंही टेक्निक चालत नाही, माझं स्पष्ट मत आहे. काळ्या रानातल्या पाणंदीवर पावसाळ्यात एमटीबी चालवायचा हट्ट करू नका, तिथे बैलगाडीसुद्धा रुतते. एक गंमत मात्र लक्षात ठेवण्यासारखी, धो धो पाऊस चालू असताना ही माती पातळ असते आणि चाकावरून धुवून जाते, सगळ्यात वाईट अवस्था येते ती उघडीप पडून एकदोन दिवसांनी, वरून कोरडी दिसते, आपण खूश होऊन घुसतो, आणि आत पक्की चिकट. त्यामुळे "आज ऊन पडलंय, चला" हा हिशोब मुरमावर बरोबर आहे आणि काळ्या मातीत बरोबर उलटा.

अडकलातच तर पॅडलवर जोर लावू नका. उतरा, सायकल खांद्यावर घ्या, ढकलू नका, कारण ढकलताना चाक फिरतं आणि अजून माती गोळा करतं. बांबूची एक चपटी कामटी किंवा तंबूचा खुंटा बॅगेत ठेवावा, माती खरवडायला त्याच्याइतकं कामाचं काही नाही, बोटांनी काढत बसलात तर स्पोकमध्ये बोट सोलवटतं.

भातखाचरांबद्दल एकच सांगतो, मावळ-मुळशीत जुलैत चिखलणी चालू असते, ती जमीन पाणी धरून राहावी म्हणूनच तुडवलेली असते, तिथे आपलं काहीही काम नाही. बांधावरूनही सायकल घालू नका. बांध फुटला तर खाचरातलं पाणी जातं, आणि ज्यांनी कमरेत वाकून लावणी केलीय त्यांना काय वाटत असेल याचा विचार करा.

सायकलीत काय बदलायचं

फार काही नाही. नवीन टायरवर सात-आठ हजार घालायच्या आधी हवा कमी करून बघा. साधारण पासष्ट-सत्तर किलोचा माणूस, २.१ ते २.२५ इंची टायर, एरवी ३० पीएसआयच्या (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) आसपास चालवत असेल तर ट्यूबलेसमध्ये २२-२४ वर या, ट्यूब असेल तर २६-२८ च्या खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर आपटून रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि एकदम दोन भोकं पडतात. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा दोन पीएसआय कमी. जड असाल तर वाढवा, हलके असाल तर अजून थोडी कमी चालते. छोटा डिजिटल गेज घ्या, अंगठ्याने दाबून कळतं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, पाच पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही आणि चिखलात तोच फरक सगळं ठरवतो.

टायर घ्यायचाच असेल तर गुट्ट्या उंच आणि एकमेकींपासून लांब लांब असलेला घ्या. जवळजवळ गुट्ट्यांचा टायर कोरड्यात छान पळतो पण चिखलात फटी भरल्या की गुळगुळीत होऊन बसतो. रुंदीबद्दल लोकांचा गैरसमज असतो की जाड टायर म्हणजे चिखलाला चांगला. खोल, मऊ दलदलीत जाड टायर वर तरंगतो हे खरं, पण आपल्याकडे बहुतेक वेळा वर चार बोटं चिखल आणि खाली घट्ट जमीन असते, तिथे जरा बारीक टायर चिखल कापून खालची जमीन पकडतो, शिवाय फ्रेममध्ये माती निघून जायला जागा राहते. सायक्लोक्रॉसवाले बेल्जियममध्ये भर हिवाळ्याच्या चिखलात रेस करतात त्यांच्या टायरला ३३ मिमीची कमाल मर्यादा आहे, म्हणजे सव्वा इंचाच्या आसपास, आणि ते त्यावर उड्या मारत जातात. बजेट एकाच टायरचं असेल तर पुढचा बदला. मागचं चाक घसरलं तर सांभाळता येतं, पुढचं घसरलं की आपण थेट खाली.

व्ही-ब्रेकवाली (रिमला रबर दाबून थांबणारी) सायकल असेल तर कठीण आहे, ते ब्रेक बरोबर माती साठते तिथेच असतात. डिस्क असेल तर पॅड कुठले आहेत बघा. ऑर्गॅनिक पॅड ओल्या वाळूत फार लवकर उडतात, एका मोठ्या राइडमध्येसुद्धा संपू शकतात, पावसाळ्यासाठी मेटल म्हणजे सिंटर्ड पॅड टाका, थोडा आवाज करतात पण टिकतात. आणि नवीन पॅड टाकून तसंच चिखलात जाऊ नका, आधी कोरड्या रस्त्यावर वीस-पंचवीस वेळा वेगात येऊन हळूहळू दाबून बसवून घ्या.

साइड स्टँड, कॅरिअर, रोडवाले पूर्ण मडगार्ड, सगळं काढून टाका, त्यात माती अडकते. पुढच्या फोर्कला मात्र छोटा मडगार्ड हवाच, तेलाचा पाच लिटरचा कॅन कापून केबल टायने बांधला तरी विकतच्याइतकाच चालतो, नाहीतर पुढच्या चाकाचा सगळा चिखल डोळ्यात. फ्रेमच्या खालच्या नळीला आतल्या बाजूने फडक्याने गोडेतेल चोळून ठेवलं तर माती कमी चिकटते, पण ते फडकं डिस्कच्या आसपास फिरकू देऊ नका, रोटरला (डिस्क ब्रेकच्या चकतीला) तेलाचं बोट लागलं तर ब्रेक गेलेच म्हणून समजा.

क्लिपलेस पॅडल, म्हणजे बुटाच्या तळाची क्लीट (छोटी पट्टी) ज्यात अडकते ती, घरी ठेवा. क्लीटमध्ये माती भरली की आत जात नाही, आणि आत गेली तर बाहेर येत नाही, दोन्ही वाईट. साधी फ्लॅट पॅडल, त्यावर पिना असलेली, आणि ट्रेकिंगचे ग्रिपवाले बूट, कारण चालायला लागणारच आहे.

प्रत्यक्ष चालवताना

चिखलातली सगळी कामं चिखलाच्या आधी करायची असतात. गिअर आधी बदला, वेग आधी कमी करा, लाइन म्हणजे नेमकं कुठून जायचं ते आधी ठरवा. आत शिरल्यावर फक्त पॅडल मारायचं. लोक उलटं करतात, बिनधास्त शिरतात, मध्ये घाबरून पुढचा ब्रेक दाबतात, चाक अडकतं, माणूस हँडलवरून पुढे.

गिअर साधारण तुम्ही त्याच चढाला कोरड्यात जो वापराल त्यापेक्षा एकदोन हलका. एकदम सगळ्यात हलका नको, त्यात मागचं चाक जागेवर गरगर फिरतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. पाय एका लयीत गोल फिरले पाहिजेत, धक्के देत पॅडल मारलं की प्रत्येक धक्क्याला चाक सुटतं. आणि बसून चालवा. उभं राहून जोर लावायची सवय असते आपल्याला, पण उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं. सपाटीला सॅडलवर थोडं मागे, म्हणजे पुढचं चाक हलकं होऊन चिखलावरून तरंगत जातं, चढाला मात्र सॅडलच्या टोकाकडे सरका आणि कोपर वाकवून छाती खाली घ्या, म्हणजे पुढचं चाक उचललं जात नाही आणि मागच्यावर वजनही राहतं. हे संतुलन सांगून येत नाही, एखादा ओला चढ पकडून पाचदहा वेळा वरखाली केलं की कंबर आपोआप शिकते.

हँडल सैल धरा. चिखलात पुढचं चाक इकडेतिकडे जाणारच, जाऊ द्या, ते स्वतःच परत सरळ होतं, आपण घट्ट धरून प्रत्येक वेळी दुरुस्त करायला गेलो की तोल जातो. वळायचं असेल तर हँडल फिरवून नाही, कंबर आणि नजर वळवून हळूहळू मोठं वळण घ्या. कोरड्यात जशी सायकल आडवी घालून वळता तशी इथे घालू नका, सायकल उभी, बाहेरचा पाय खाली आणि त्यावर वजन.

नजर पुढे, पंधरावीस फुटांवर. पुढच्या चाकाकडे बघत राहिलात तर तिथेच पडणार.

आता डबकं. पावसाळी पाणंदीत ट्रॅक्टर गेलेला असतो, दोन बाजूला दोन खोल चाकोऱ्या, मध्ये उंचवटा, सगळ्यात पाणी. पाण्यात किती खोल आहे ते दिसत नाही. ताजी चाकोरी आत शिरून पलीकडे स्पष्ट बाहेर पडलेली दिसली तर कोणीतरी नुकतंच पार झालंय, तळाला बहुतेक घट्ट आहे. पाणी आजूबाजूपेक्षा जास्त गढूळ, कडेला म्हशींच्या खुरांचे खोल ठसे, असं असेल तर काडी घालून बघा, लाज वाटायचं कारण नाही. शिरायचं ठरलं की जरा वेगात शिरा, पुढचं चाक पाण्यात जाताना मनगटाने किंचित वर उचला, आणि बाहेर पडेपर्यंत पॅडल थांबवू नका, थांबलात की पाय खाली आणि बूट भरला.

चाकोरीत गेलात तर चाकोरीतच राहा. अर्ध्यातून बाहेर पडायचा प्रयत्न करताना पुढचं चाक भिंतीला घासतं आणि हमखास पाडतं. बाहेर यायचंच असेल तर वेग कमी करून पुढचं चाक उचलून चांगल्या मोठ्या कोनात कडेवर ठेवा. खोल चाकोरीत पॅडल भिंतीला लागतात, तिथे दोन्ही पॅडल समपातळीत धरून वाहत जा, आणि अर्धा अर्धा फेरा मागेपुढे करत ताकद द्या.

झाडांची मुळं, ओली लाकडं, रेल्वेची रूळ-फाटकं, रस्त्यावरचे पांढरे पट्टे, सगळ्याला एकच नियम, काटकोनात ओलांडा आणि त्यावर असताना ना ब्रेक ना वळण. जंगलातल्या वाटेवर मुळं नेमकी तिरकी असतात, तर आधीच बाजूला सरकून काटकोन तयार करा.

उतारावर सॅडलवरून उठा, टाचा खाली, पार्श्वभाग मागे पण हात ताणले जातील इतका नाही, नाहीतर पुढच्या चाकावर काहीच वजन राहत नाही आणि ते जिथे वाटेल तिथे जातं. ब्रेक एकेका बोटाने, दोन्ही एकदम, हलका आणि सतत. चाक लॉक झालं तर लगेच सोडा. पाण्यातून बाहेर आल्यावर एकदोनदा हलका ब्रेक मारून रोटर पुसून घ्या, पहिल्या दाबाला तो धरत नाही आणि त्याचा पत्ता आपल्याला वळणावर लागायला नको.

कर्रकर्र आवाज आला, पॅडल जड झालं, तर त्याच क्षणी पाय थांबवा. डिरेलरमध्ये गवत, काटकी किंवा मातीचा गोळा गेलेला असतो, आणि आणखी अर्धा फेरा मारलात तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) तुटून डिरेलर स्पोकमध्ये. तुमच्याच मॉडेलचा हँगर एक जास्तीचा बॅगेत ठेवा, आडगावात तो कुठेही मिळत नाही. चेन चिखलाने पुढच्या दात्याला चिकटून वर ओढली जात असेल तर थोडं उलटं पॅडल मारून सोडवा, बाटलीतलं पाणी चेनवर ओता, पुढे चला.

ओढे आणि फरशी पूल यांबाबत मी कडक आहे. साचलेलं पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वर असेल तर सायकल उचलून चालत. वाहतं पाणी गुडघ्याला आलं तर चालतसुद्धा नाही, परत फिरायचं. सह्याद्रीत वर पाऊस पडला की खाली ऊन असताना ओढा फुगतो, सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला ओढा दुपारी तसाच असेल असं धरू नका. फरशी पुलावरून पातळ पाणी वाहत असेल तर पाण्यापेक्षा खालचं शेवाळ पाडतं, तिथे सरळ उतरून सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून चाला, म्हणजे पाण्याने ढकलली तरी ती तुमच्या पायावर येणार नाही. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या आसपास जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढतं, निघायच्या आधी ते बघून घ्या.

कुठे चालवू नये

चिखल चुकवायला वाटेच्या कडेने गवतावरून जायचा मोह होतो, गवताची मुळं माती धरून ठेवतात त्यामुळे ग्रिपही चांगली मिळते. पण दहा जण असे गेले की एक फुटाची वाट सहा फुटांची होते आणि पुढच्या पावसात ती सगळी वाहून जाते. चिखल मधूनच पार करा, नाही जमलं तर मधूनच चाला. फुलांच्या सड्यांवर तर सायकल नकोच, कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे, पण बाकीच्या बिननावाच्या सड्यांवरही तीच बोटभर मातीतली फुलं असतात आणि टायरचा एक चर तिथे वर्षानुवर्षं राहतो.

परत आल्यावर

माती वाळू देऊ नका. ओली असताना दहा मिनिटांत निघते, वाळल्यावर तासभर. साध्या पाइपने वरून खाली पाणी सोडा. सर्व्हिस सेंटरवाल्याच्या प्रेशर गनने तर कधीच नाही, त्याने हब, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या आसाची जागा), हेडसेट (हँडल फिरतं तो सांधा) यांच्या सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस धुवून जातं आणि महिन्याभरात बेअरिंग खडखडायला लागतात. भांड्यांचा लिक्विड साबण आणि दोन ब्रश, एक फ्रेमचा आणि एक चेन-कॅसेटचा (कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांचा संच), त्यांची अदलाबदल नको. चेनला रॉकेल किंवा डिझेल वापरणार असाल तर चेन काढून डब्यात घालून हलवा, सायकलवरच ओतलंत तर रोटरपर्यंत जातं. वाळल्यावर वेट ल्यूब (ओल्यात टिकणारं चेनचं तेल) प्रत्येक कडीत एक थेंब आतल्या बाजूने, दहा मिनिटं थांबून बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाका, बाहेर राहिलेलं तेल पुढच्या वेळी फक्त वाळू गोळा करतं. पावसाळाभर चेन चेकर (चेन झिजून किती लांबली ते मोजणारी पट्टी) लावत राहा, ०.५ टक्क्यांवर चेन बदलली तर कॅसेट वाचते.

सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून सायकल उलटी करायचं सगळेच विसरतात. सीट ट्यूबमध्ये पाणी साठलेलं असतं, ते खाली बॉटम ब्रॅकेटवर बसून राहतं. पाणी निघालं की पोस्टला थोडं ग्रीस लावून परत बसवा, कार्बनची पोस्ट असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट. पॅड एक मिलीमीटरच्या खाली आले असतील तर लगेच बदला.

आता स्वतःचं. बाटलीच्या तोंडावर उडालेला चिखल म्हणजे शेण, उंदरांची लघवी सगळं त्यात, म्हणून झाकणावर छोटी प्लास्टिकची पिशवी रबर बँडने लावून ठेवा किंवा सरळ पाठीवरची पाण्याची बॅग वापरा. आंबोली-कोयनेकडे जळवा असतात, त्या ओढून काढू नका, मीठ किंवा हळद लावली की सोडतात. पायाला खरचटलं असेल तर चिखलात जाण्याआधी वॉटरप्रूफ पट्टी लावा, घरी आल्यावर साबणाने धुवा, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच ओल्या मातीतून जखमेवाटे शिरतात, कोकणात भातशेतीवाल्यांना हा दरवर्षीचा त्रास आहे आणि २००५ च्या मुंबईच्या पुरानंतर शहरातही त्याची साथ आली होती. राइडनंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिन्याभरानेसुद्धा, ताप, डोकेदुखी, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर व्हायरल म्हणून क्रोसिन खाऊन पडून राहू नका. डॉक्टरकडे जा आणि त्यांनी विचारायच्या आधी स्वतःहून सांगा की मी अमुक दिवशी चिखलात होतो, पायाला जखम होती.